पिल्लाला रात्री पिंजऱ्याबाहेर झोपवताय? घरात घाण होऊ नये म्हणून काय कराल, वाचा सविस्तर

फलटण : कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं की पहिले काही महिने त्याला रात्री कशात तरी कोंडून झोपवायचं, ही पद्धत आता गावोगावी दिसते. कुणी वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी जाळीचा पिंजरा करून आणतं, कुणी लाकडी खोक्याला जाळी ठोकतं. काहीच नसेल तर कोंबड्यांचं डालगं पालथं घालून त्यावर दगड ठेवला जातो. शहरात याला क्रेट म्हणतात. पिल्लू त्यात गपगार झोपतं, सकाळी बाहेर काढलं की अंगणाकडेला जाऊन लघवी करतं, आणि घरच्यांना वाटतं, चला, पिल्लू शिकलं.

अडचण पुढं येते. पाच-सहा महिन्यांत पिल्लू पिंजऱ्यात मावेनासं होतं. मग एका रात्री दार उघडं ठेवलं जातं आणि सकाळी ओसरीवर लघवी, धान्याच्या पोत्यापाशी शी. दोन-तीन दिवस असं झालं की घरात कटकट सुरू होते. शेवटी पिल्लाची रवानगी घराबाहेर साखळीला होते, नाहीतर गाडीवर घालून लांब कुठंतरी सोडून दिलं जातं.

पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. आणि घराबाहेर साखळीला बांधलेलं पिल्लू म्हणजे बिबट्याला आयतं ताट. हे दोन्ही टाळता येतं. साधारण एक महिना सगळ्या घरानं एका पद्धतीनं वागायची तयारी हवी, बाकी खर्च जवळपास नाही.

पिल्लू पिंजऱ्यात नेमकं काय शिकलं?

इथंच बहुतेकांची गफलत होते. कुत्र्याला आपल्या झोपायच्या जागेत घाण करायला आवडत नाही, हे उपजत आहे. जन्मल्यावर पहिले काही दिवस आईच पिल्लांना चाटून त्यांची लघवी-शी काढते आणि जागा स्वच्छ ठेवते. साधारण तीन आठवड्यांची झाली की पिल्लं स्वतःच अंथरुणापासून थोडं बाजूला जाऊन उरकायला लागतात. पिंजरा याच सवयीवर चालतो. जागा अंगाएवढीच असते, म्हणून पिल्लू कळ काढतं.

म्हणजे पिल्लू शिकलं ते एवढंच, की माझं अंथरूण घाण करायचं नाही. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर हेही अंथरुणासारखंच आहे, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. तुम्ही एकदम दार उघडता तेव्हा दोन फुटांच्या जागेतून त्याला वीस फुटांची खोली मिळते. पिल्लाच्या हिशोबानं पलीकडचा कोपरा अंथरुणापासून भरपूर लांब आहे, तिथं केलं तर काय बिघडलं? ते मुद्दाम करत नाही, सूडही उगवत नाही.

त्यामुळे पिंजरा काढायचा म्हणजे गज काढायचे, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं. झोपायची जागा तीच, पोतं किंवा गोधडी तीच, रात्री बाहेर न्यायची वेळ तीच. आणि मोकळी जागा हातभर-हातभर वाढवायची.

मेंढपाळांच्या वाड्यावर हा प्रश्न कधी येत नाही. तिथं पिल्लू जन्मापासून मेंढरांच्या वाघरीकडेला उघड्या माळावर झोपतं, चार पावलं गेलं की मोकळं रान. घर आणि बाहेर असा फरकच नसतो. ही डोकेदुखी आली ती कोबा, स्टाईल फरशी आणि बंद दाराच्या घरांसोबत. लॅब, जर्मन शेफर्ड, पॉम घेणारे वाढले तशी ती जास्त जाणवायला लागली. पण कारवान असो, मुधोळ असो की गल्लीतलं गावठी पिल्लू, शिकवायची रीत सगळ्यांना एकच लागू पडते.

घाई नको, आधी हे तपासा

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर मोकळं सोडून घर कोरडं राहील, अशी अपेक्षाच धरू नका. त्याला कळ धरून ठेवण्याचा पूर्ण ताबा अजून आलेला नसतो. ढोबळ हिशोब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, तेवढे तास ते दिवसा धरू शकतं. तीन महिन्यांचं असेल तर चार तास. झोपेत थोडं जास्त जमतं, कारण तेव्हा लघवी कमी तयार होते. बहुतेक पिल्लं सहा महिन्यांच्या आसपास रात्रभर, म्हणजे सहा-सात तास, नीट राहतात. लहान चणीच्या जातींना जरा जास्त वेळ लागतो.

म्हणून पाच महिन्यांच्या आत हा उद्योग करूच नये, असं आमचं मत आहे. त्यातही आधी सलग तीन ते चार आठवडे पिंजरा रात्री कोरडा राहिलेला असावा आणि दिवसाही घरात घाण झालेली नसावी. मध्ये एक-दोनदा चुकलं असेल तर अजून पंधरा दिवस थांबा.

गावाकडं आणखी एक गोष्ट हमखास घडते. पिल्लू मोठं झाल्यावर पुरावा म्हणून पिंजरा सुरुवातीलाच चांगला ऐसपैस करून घेतात. मग पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात मुततं. असा पिंजरा काहीच शिकवत नाही. तुमच्याकडं हेच होत असेल तर बाहेर काढायचा विचार सोडा, आधी पिंजऱ्यात मध्ये फळी उभी करून जागा कमी करा. पिल्लाला उभं राहता आलं, वळता आलं आणि पाय पसरून झोपता आलं की पुरे.

कशावर करायचं हेही पिल्लू फार लवकर ठरवतं. साधारण दोन महिन्यांचं होईपर्यंत ज्या जमिनीवर करायची सवय लागली, तशीच जमीन ते पुढं शोधत राहतं. मातीवर वाढलेलं पिल्लू माती शोधतं, कोब्यावर वाढलेलं कोबाच शोधतं. ज्यांनी सुरुवातीला पिल्लाला शी-लघवीसाठी गोणपाट टाकून दिलं होतं, त्यांनी झोपायला चुकूनही गोणपाट टाकू नये. जुनी साडी, गोधडी, काहीही चालेल, पण वेगळं हवं.

वेळही बघून धरा. घरात लग्न आहे, बाळंतीण आलीय, दिवाळीचे फटाके चालू आहेत, अशा दिवसांत बदल करू नका. आपल्याकडं आषाढीआधी माउलींची पालखी येते तेव्हा तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांच्या गावांत घरोघरी वारकरी उतरतात. दारं रात्रभर उघडी, माणसांची ये-जा. त्या दिवसांत पिल्लू पिंजऱ्यातच बरं. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातही थांबा, कारण बरीच पिल्लं पावसात बाहेर पाय ठेवत नाहीत आणि कळ दाबून परत घरात येऊन करतात.

सुरुवात दुपारच्या झोपेपासून

रात्रीचं नंतर. आधी दुपारी जेवणं झाल्यावर घरातलं कुणीतरी जवळ आडवं होतं, त्या वेळेला पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा. झोपण्याआधी पिल्लाला बाहेर फिरवून आणा. ते उघड्या दाराच्या पिंजऱ्यात आपणहून जाऊन झोपलं तर उत्तम. उठल्या उठल्या थेट बाहेर न्या. झोपेतून उठल्यावर, खाऊन झाल्यावर दहा ते तीस मिनिटांत, आणि दंगामस्ती झाल्यावर, या तीन वेळा पिल्लाला हमखास लागते. जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागलं की समजायचं, वेळ झाली. आठवडाभर दुपारी सगळं कोरडं गेलं की रात्रीकडं वळा.

रात्री पहिल्यांदा दार उघडं ठेवायचं ते पिंजऱ्याभोवती कुंपण करून. शेतकऱ्याच्या घरी यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही. टोमॅटोचे, डाळिंबाचे रिकामे कॅरेट एकावर एक दोन रचले की चांगली भिंत होते. क्रेटमधून पिल्लू बाहेर काढायला कॅरेटच कामाला येतात, अशी ही गंमत. मोठ्या पिल्लाला तीन थर लागतील, आणि ते सुतळीनं एकमेकांना बांधा, नाहीतर मध्यरात्री सगळा डोलारा पिल्लाच्या अंगावर येईल. कॅरेट नसतील तर लाकडी बाज आडवी उभी करा. पिंजऱ्यापुढं फक्त दोन-अडीच फूट मोकळी जागा राहील इतकंच कुंपण घ्या. जागा मुद्दामच कमी आहे. एवढ्याशा जागेला पिल्लू आपलं अंथरूणच समजतं.

चार-पाच रात्री अशा गेल्या की पिंजऱ्याचं दार काढून टाका, किंवा मागं वळवून बांधा. त्यानंतरच्या आठवड्यात अख्खा पिंजरा उचला, पण आतली गोधडी बरोबर त्याच जागेवर राहू द्या. ती धुवायचा मोह या दिवसांत टाळा, तिला पिल्लाचा स्वतःचा वास आहे आणि त्या वासानं ते जागा ओळखतं. त्यानंतर कुंपण हातभर मागं सरकवायचं, पुन्हा तीन-चार रात्री थांबायचं, पुन्हा सरकवायचं. महिनाभरात ओसरीचा अर्धा भाग किंवा एक खोली एवढी मोकळीक मिळाली तर खूप झालं. सगळं घर मोकळं करायला पिल्लू वर्षाचं होईपर्यंत थांबलं तरी काही बिघडत नाही.

मध्ये एखाद्या रात्री चुकलं तर घाबरू नका. एका आठवड्यात दोनदा चुकलं तर मात्र एक पायरी मागं या. कुंपण परत जवळ घ्या, गरज वाटली तर पिंजरा परत आणा, आठवडाभर कोरडं गेलं की पुन्हा पुढं.

पिंजऱ्याऐवजी अंथरुणाशेजारी आखूड दोरीनं बांधावं का, असं बरेच जण विचारतात. माणूस शेजारीच झोपलेला असेल, गळ्यात रुंद पट्टा असेल आणि दोरी कशात अडकणार नसेल, तर थोड्या रात्रींसाठी चालेल. आवळणारी साखळी नको. आणि दोरी पिंजऱ्याच्या किंवा कुंपणाच्या आत कधीच नको, पिल्लू त्यावरून उडी मारायला गेलं तर फास बसतो. कुत्र्याला अवाजवी काळ आखूड साखळीला बांधून ठेवणं हेही वरच्याच कायद्यात बसतं, हे लक्षात असू द्या.

रात्रीचं वेळापत्रक

संध्याकाळचं खाणं सातपर्यंत उरका. रात्री उशिरा उरलेली भाकरी दुधात कुस्करून घालायची सवय बहुतेक घरांत असते, ती या महिन्यात बंद. काही पिल्लांना दूध पचत नाही, पोट बिघडतं, आणि पहाटे शी आवरत नाही. झणझणीत रस्सा तर नकोच.

पाण्याचं मात्र जपून. लघवी कमी व्हावी म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणारे लोक आहेत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं. दिवसभर आणि संध्याकाळी पोटभर पाणी द्या. थंडीच्या दिवसांत झोपायच्या तासभर आधी भांडं उचललं तर चालेल. उन्हाळ्यात भांडं राहू द्या आणि त्याऐवजी रात्री एकदा उठायची तयारी ठेवा.

झोपण्याआधी साडेदहाच्या सुमारास एकदा बाहेर, आणि पहाटे पाच-साडेपाचला पुन्हा. मोकळं झोपवायला लागल्यावर पहिले आठ-दहा दिवस मध्ये दीड-दोनचा गजर लावून एकदा न्या, मग हळूहळू हा गजर अर्ध्या अर्ध्या तासानं पहाटेकडं सरकवा. पिल्लू आधी रात्रभर राहत असलं तरी हे करा. जागा बदलली की त्याची झोप मोडते, झोप मोडली की लागते, आणि अंधारात त्याला दार सापडत नाही.

बाहेर नेताना रोज एकाच जागी न्या. खेळायचं नाही, गप्पा नाहीत. ‘सू कर’ किंवा तुमच्या घरात जो शब्द असेल तो एकच शब्द रोज वापरा. झाल्याबरोबर तिथंच पाठ थोपटा, भाकरीचा तुकडा द्या. घरात येऊन दिला तर त्याला वाटतं, घरात आल्याबद्दल मिळाला.

ज्यांच्या घरी शेतीपंपाच्या लाईटच्या पाळ्या आहेत, त्यांनी इकडं लक्ष द्यावं. रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात दारं धरायला माणूस उठतो, जाता जाता पिल्लालाही बाहेर काढतो. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसा, मग रात्री कुणीच उठत नाही आणि पिल्लू घरात करतं. घरचे म्हणतात, मागच्या आठवड्यात तर बरोबर करत होतं! ते आताही बरोबरच आहे, त्याला दोन वाजता बाहेर जायची सवय तुम्हीच लावली. बदल सुरू करायचा तो दिवसाची लाईट लागेल त्या आठवड्यात, आणि पुढं रात्रपाळी आली तरी पिल्लाची वेळ तीच ठेवा.

पिंजऱ्याबाहेर म्हणजे घराबाहेर नव्हे

ही गोष्ट आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाची आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, उसातच पिलं घालतो. आणि त्याला कुत्रं आवडतं, ही नुसती पारावरची गप्पा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्यानं खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव आणि माणसाच्या आसरा धरून राहणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या तिथं गावात भरपूर असूनही कुत्र्यांचा वाटा जास्त होता, कारण शेळ्या रात्री बंदिस्त असतात आणि कुत्री मोकळी असतात.

ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आसरा मोडतो आणि तो इकडं तिकडं सरकतो. त्या काळात रानातल्या वस्तीवर पिल्लू उघड्या पडवीत झोपवणं म्हणजे जुगार आहे. पिंजरा काढला तरी रात्री दार बंद हवं, किंवा ओसरीला खालपासून वरपर्यंत जाळी हवी. अर्ध्या उंचीच्या भिंतीचा काही उपयोग नाही, बिबट्या ती सहज ओलांडतो. अशी बंद जागा तुमच्याकडं नसेल तर पिल्लू मजबूत पिंजऱ्यातच झोपू द्या, फक्त त्याच्या अंगाला पुरेल असा मोठा करून घ्या. सवय मोडण्यापेक्षा जीव मोठा.

रात्री बाहेर नेताना दोरी हातात, बॅटरी चालू, आणि उसाच्या बांधाकडं न जाता दिव्याच्या उजेडातली जागा. विंचू-सापाच्या दृष्टीनंही हेच बरं. लहान मुलांना रात्री पिल्लासोबत एकटं पाठवू नका. आसपास बिबट्या दिसला तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

आतही एकदा नजर फिरवा. पिंजऱ्यातलं पिल्लू कशाला तोंड लावू शकत नव्हतं, आता लावणार. उंदराचं औषध, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, खताच्या गोण्या, मोबाईलच्या चार्जरची वायर, सगळं वर उचला. सांगली-तासगावचे बेदाणे घरात असतील तर तेही. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे द्राक्षपट्ट्यातल्याही पुष्कळांना माहीत नसतं.

घाण झालीच तर

डोळ्यादेखत करत असेल तर एक टाळी वाजवून लगेच बाहेर न्या, उरलेलं बाहेर करू द्या, केलं की पाठ थोपटा. सकाळी उठल्यावर दिसलं तर गुपचूप पुसून टाका. नाक घासणं, चपलेनं मारणं यातून पिल्लू एकच गोष्ट शिकतं, की माणसासमोर करायचं नाही. मग ते बाहेर तुमच्यासमोरही करत नाही आणि घरात पलंगाखाली जाऊन करतं.

‘पण त्याला चूक कळते, बघा कसा चेहरा पाडतंय’ असं सगळेच म्हणतात. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यानं खरंच काही केलं होतं की नाही, याचा त्या पडलेल्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला की कुत्रं तसा चेहरा करतं, चूक केलेली नसली तरी. तो तुमच्या आवाजाला दिलेला प्रतिसाद आहे.

काही पिल्लं तर ओरडल्यावर किंवा नुसतं अंगावर वाकल्यावर जागेवरच मुततात. तो भित्रेपणा आहे, त्याला सवयीत धरू नका. अशा पिल्लाजवळ जाताना खाली बसा, वरून डोक्यावर हात टाकू नका.

डाग पुसण्यापेक्षा वास घालवणं जास्त गरजेचं. तुम्हाला वास येत नसला तरी पिल्लाला येतो आणि ते परत तिथंच जातं. स्टाईल फरशी असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवून, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. शहाबादी फरशीच्या सांध्यांत लघवी मुरते, तिथं खाण्याचा सोडा टाकून काही तास ठेवा आणि मग धुवा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर नुसतं वरून सारवून चालत नाही. तेवढा पोपडा खरवडून बाहेर टाका, नवी माती भरा आणि मग सारवा. काळं फिनाईल वापरू नका. ते चाटलं गेलं तर पिल्लाला बाधतं. अमोनियाच्या वासाची औषधं तर उलटं काम करतात, कारण लघवीलाही तोच वास असतो.

साफ करताना हातात पिशवी घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टो आणि शीतून जंत माणसाला लागू शकतात, अंगणात मातीत खेळणाऱ्या पोरांना जास्त. पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला जंताचं औषध द्यावं लागतं. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढं दरवर्षी. मोकळं पिल्लू रात्री दारातून निसटून गावातल्या कुत्र्यांशी भांडू शकतं, म्हणून लस झाल्याशिवाय पिंजरा काढूच नका.

हे चुकीमुळं नव्हे, आजारामुळं

इतके दिवस कोरडं राहणारं पिल्लू अचानक वारंवार थोडं थोडं करायला लागलं, करताना कण्हत असेल, लघवीत रक्त दिसलं, किंवा पाणी नेहमीपेक्षा फार प्यायला लागलं, तर शिकवणी थांबवा आणि डॉक्टरांकडं न्या. मादी पिल्लांत लघवीच्या पिशवीला संसर्ग होण्याचं प्रमाण जास्त असतं. पातळ शी, उलटी, खाणं बंद आणि मलूल अंग असं एकत्र दिसलं तर पार्व्होची शक्यता असते, त्यात एक दिवस थांबणंही महागात पडतं.

सहा महिन्यांनंतर नर पाय वर करून दाराच्या चौकटीला, गाडीच्या टायरला थोडं थोडं शिंपडायला लागतो. ती हद्द आखण्याची खोड आहे, सवय सुटलेली नाही. खच्चीकरण केलं तर बऱ्याच कुत्र्यांत ती कमी होते. मादी पहिल्यांदा माजावर येते तेव्हाही ती वारंवार लघवी करते, ते दिवस सरले की आपोआप पूर्ववत होतं.

तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांनाही बघतात. पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. मोठी तपासणी लागली तर लोणंदमार्गे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना एक करा, दोन-तीन दिवस पिल्लानं कधी पाणी प्यायलं, कधी लघवी-शी केली, ते मोबाईलमध्ये वेळेसकट लिहून ठेवा. शीचा फोटोही काढा, लाजू नका. डॉक्टरांचं निम्मं काम तिथंच होतं.

घरातल्या सगळ्यांचं आधी बोलणं करून घ्या. बाबा रोज बाहेर नेतात, आजी चोरून रात्री दूध घालते, पोरगं अंथरुणात घेऊन झोपतं, असं झालं तर पिल्लाला काहीच कळत नाही. पिल्लू पोराच्या अंथरुणात झोपणार असेल तरी ते नंतर, आधी त्याची स्वतःची जागा पक्की होऊ द्या.

आणि पिंजरा लगेच भंगारात घालू नका. दार काढून कोपऱ्यात तसाच ठेवा, आत जुनी गोधडी टाकून ठेवा. दिवाळीत फटाके वाजायला लागले, घरात पाहुणे आले, पिल्लाचं ऑपरेशन झालं किंवा त्याला गाडीत घालून शिरवळला न्यायचं झालं, की त्याच पिंजऱ्यात ते आपणहून जाऊन बसतं.